फुसकी काडतुसं

शनिवार, 16 ऑक्टोबर 2021. पिट्सबर्गजवळ

सकाळी म्हातारबांबरोबर रेंजवर गेलो. म्हातारबा म्हणजे आमचे शेजारी. सगळं आयुष्य लेथवर गेलेलं, त्यामुळे साध्या बोलण्यातही इंचाचे हजार भाग करतात. रायफल .308 ची. काडतुसं जुनी लष्करी, एका मयत शिकाऱ्याच्या घरच्या विक्रीतून लाकडी खोक्यासकट उचललेली. कुठल्या देशाची, कुठल्या कारखान्याची ते लिहीत नाही. खोकं मधल्या काळात कुणाच्या तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून होतं, हे कारखान्याला कुठे माहीत?

पहिली काही बरी उडाली. मग चाप ओढला आणि नुसतं टक्. म्हातारबा जागचे हलले नाहीत. नळी मातीच्या बांधाकडेच ठेवून ओठातल्या ओठात तीसपर्यंत मोजलं आणि मगच बोल्ट मागे घेतला. काडतुसाच्या बुडाला ठिणगी देणारी टोपी असते, तिच्यावरचा खड्डा चांगला खोल होता, म्हणजे फायरिंग पिन निर्दोष. पुढे एकदा टक् झालं, आणि आता गेलं वाटेपर्यंत धाडकन बार झाला. याला हँगफायर म्हणतात. टोपी पेटते, पण दारू लगेच धरत नाही. तेवढ्यात कुणी उतावळेपणाने बोल्ट उघडला तर काडतूस तोंडासमोर फुटायचं. ती तीसची मोजदाद त्यासाठी.

त्यांनी तिथेच सगळं आवरलं. फेकून देणार का, विचारलं. "पितळ कशाला फेकू?" म्हणाले.

रविवार, 17 ऑक्टोबर

गॅरेज. आधी काडतुसाची एक रिकामी पितळी पुंगळी उजेडाकडे धरून तिच्या आत पाहिलं. मधोमध एकच भोक असेल तर बॉक्सर पद्धत, म्हणजे जुनी टोपी साध्या सुईने मागे ढकलता येते. कडेला दोन बारीक भोकं असतील तर बर्डन, आणि मग पुंगळी पुन्हा भरायची म्हणजे डोकेदुखी. गंमत अशी की बॉक्सर हा इंग्रज लष्करी अधिकारी आणि बर्डन हा अमेरिकन. दोघांच्या टोप्या 1866 च्या सुमाराच्या. पण अमेरिकेने इंग्रजाची पद्धत उचलली आणि युरोपातल्या सैन्यांनी बहुतेक अमेरिकनाची. आपलं नशीब, भोक एकच निघालं.

गोळी काढायचा हातोडा प्लास्टिकचा असतो, डोकं पोकळ. काडतूस त्यात उलटं अडकवायचं, बूड चिमट्यात, गोळी आतल्या बाजूला. लाकडाच्या ओंडक्यावर ठोका दिला की पुंगळी थांबते, गोळी मात्र आपल्या वजनाच्या ओढीने पुढे जाते. शाळेतला न्यूटन, दुसरं काही नाही. ही काडतुसं मात्र हलेनात. लष्करी मालात गोळी आणि पुंगळीच्या गळ्यामध्ये डांबरासारखा लेप असतो, ओल आत जाऊ नये म्हणून. म्हातारबांनी काडतूस, काडतुसं भरायच्या प्रेसमध्ये धरून गोळी केसभर आत दाबली. बारीक कट् असा आवाज आला, लेप तुटला. मग दोन-तीन ठोक्यांत गोळी सुटली.

टोकाला रंग असलेली तीन-चार काडतुसं त्यांनी हात न लावता बाजूला ठेवली. रंग असला की ती ट्रेसर किंवा आग लावणारी गोळी असू शकते. तिला हातोडा लावायचा नाही, यावर चर्चाही नाही.

सुटलेली प्रत्येक गोळी चुंबकाजवळ नेली. चिकटली तर कवच किंवा गाभा पोलादी. आमच्या रेंजवर तसल्या गोळ्या चालत नाहीत. दगडावर ठिणगी पडते म्हणतात. ह्या चिकटल्या नाहीत.

शनिवार, 23 ऑक्टोबर

आज दारूचा दिवस, आणि भांडणाचा.

प्रत्येक काडतुसातली दारू वेगळी तोलली. सोनाराच्या काट्याइतका नाजूक तराजू, माप ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम. कमीत कमी आणि जास्तीत जास्त यांत दोन ग्रेनचा फरक निघाला. आपल्याकडच्या मापात साधारण एक गुंज. गुंजभर सोन्यासाठी माणसं भांडतात, इथे गुंजभर दारूने गोळी कुठच्या कुठे जाते. काही गोळ्यांच्या बुडाला हिरवट गंज होता. एका पुंगळीतून तांबूस भुकटी पडली आणि नाकात आंबूस, झोंबणारा वास गेला. चांगल्या दारूला ईथरसारखा गोडसर वास असतो. नायट्रोसेल्युलोज मुळातच सावकाश कुजत असतं. त्यातून सुटणारं आम्ल शोषायला कारखान्यात डायफेनिलअमाइन घालतात. ते संपलं की कूज धावायला लागते, आणि उष्णता तिला आणखी पळवते. पत्र्याच्या शेडचा हिशेब इथे लागला.

क्लबातले एक मित्र आले होते. त्यांचं म्हणणं, खराब वासाची तेवढी टाका, उरलेली एकत्र कालवा, सरासरी वजनाने त्याच पुंगळ्यांत भरा, टोपी तेवढी नवी. काही लोक असं करतातही. म्हातारबा ऐकेनात. दुकानात डब्यातून मिळणारी दारू एका नावाखाली दरवेळी सारखीच जळावी म्हणून कारखानदार निरनिराळे घाणे मिसळून तिचा मेळ घालतात. काडतुसांचे कारखाने मात्र घाऊक दारू घेतात. प्रत्येक घाण्याचा वेग वेगळा. ते दाब मोजतात आणि त्याप्रमाणे भर ठरवतात. ते मोजमाप कारखान्यातच राहिलं. आपल्या हातात आले ते नुसते काळे दाणे. दिसायला कुठल्याही दारूसारखे.

मित्रांनी मग हॉजडन काढलाच. कॅन्ससचा ब्रूस हॉजडन: दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारकडे उरलेली 4895 दारू त्याने घाऊक घेतली आणि हौशी लोकांना स्वस्तात विकली. पुढे 20 मिलिमीटर तोफेच्या शिल्लक मालातली 4831 सुद्धा. अमेरिकेत घरोघर काडतुसं भरायची सवय वाढली त्यात त्या दारूचा मोठा वाटा. "मग ती पण भंगारातलीच की!" म्हातारबांचं उत्तर सरळ होतं: ती कुठली ते ठाऊक होतं, म्हणून ती विकली गेली.

मला म्हातारबांचं पटलं. पितळ मोजता येतं, गोळी तोलता येते. दारूच्या दाण्याने पोटातलं काही सांगितलं तर ना.

ती दारू त्यांनी हिरवळीवर विरळ फेकली. नायट्रोजन आहे, गवताला चालतो. माझी बायको म्हणाली, आपल्या बाजूला नको.

शनिवार, 30 ऑक्टोबर

आता माझं खातं, धातूंचं. पुंगळी म्हणजे 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त. म्हातारबा पितळ उजळायला बाटलीतलं पॉलिश काढायला निघाले होते, मी वास घेऊन अडवलं. अमोनिया. एवढ्यासाठी मी कधी नव्हे ते मोठ्याने बोललो.

ही गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना शिकवतात, आणि ती हिंदुस्थानातली आहे. इंग्रजांच्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची, तीही गळ्यापाशी. कुणी हात लावलेला नाही, उडवलेली नाहीत. कारण शोधता शोधता नजर तबेल्याकडे गेली. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा, आणि थंड पितळ ओढून पुंगळी घडवताना तिच्या अंगात कोंडून राहिलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळ फाटतं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी 1921 मध्ये याची नीट मांडणी केली. उपाय म्हणून पितळाला हलका शेक देऊन ताण उतरवतात. लष्करी पुंगळ्यांच्या गळ्यावर निळसर-तपकिरी झाक असते ती तापवल्याचीच खूण. म्हातारबा तिला डाग समजून घासत होते.

मी घरून चिंच नेली. कोळ पातळ करून त्यात पुंगळ्या थोडा वेळ घोळल्या. फार वेळ ठेवलं तर जस्त निघून जातं आणि पितळ गुलाबी पडतं. म्हातारबा इथे सायट्रिक आम्लाची पूड वापरतात, पण त्यांनी चिंचेच्या वाटीत बोट घालून चाखून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

ह्यातही टोपीच्या खाचा सैल झालेल्या पुंगळ्या निघाल्याच. त्या भंगारात.

गुरुवार, 4 नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन

नाशिकला दादाला फोन. त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "इथे केलंस तर मला तुला सोडवायला पोलीस स्टेशनात यावं लागेल." खरं आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. इथे अमेरिकेत स्वतःपुरती भरली तर चालतात. विकायची तर केंद्र सरकारचा परवाना. मग दादाने आठवण काढली: भाऊबीजेच्या सकाळी अंगणातल्या फुसक्या लवंग्या वेचायच्या, मधोमध मोडायच्या, दारू वर्तमानपत्रावर जमवायची आणि काडी लावायची. त्याच्या भुवया एका वर्षी गेल्या होत्या. आई अजून त्यावरून बोलते.

शनिवार, 13 नोव्हेंबर

टोप्यांचं अडलं होतं. गेल्या वर्षी लोकांनी घाबरून जी खरेदी केली, तेव्हापासून दुकानात टोप्यांच्या जागी 'माल नाही' अशी पाटी आहे. फुसक्या काडतुसांतल्या टोप्या तर बादच, पण न उडवलेल्या चांगल्या टोप्याही म्हातारबांनी सुईने ढकलल्या नाहीत. जिवंत टोपी सुईने ढकलताना फुटू शकते. रिकामी पुंगळी रायफलीत घालून नुसती टोपीच उडवली, खेळण्यातल्या पिस्तुलासारखी. मित्रांनी शेवटी शंभराची एक चपटी पेटी आणून दिली. भांडण मिटलं असं नाही, पण पेटी आली.

दारू नवी, डब्यातली. लष्करी पुंगळीची भिंत जाड असते, आत जागा कमी, तितक्याच दारूला दाब जास्त. म्हणून पुस्तकातल्या सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरुवात. प्रत्येक पुंगळीत दिवा मारून दारूची पातळी पाहायची. एखादी रिकामी राहिली तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत अडकते, आणि मागून दुसरी सोडली तर नळी फुटू शकते.

शनिवार, 20 नोव्हेंबर

सगळी उडाली. वेगमापकावर दोन बारांमधला फरक जुन्या मालापेक्षा पुष्कळ कमी आला. नेम फार सुधारला असं मात्र नाही. उपटलेल्या गोळ्यांच्या अंगावर चिमट्याचे आणि डांबराचे ओरखडे आहेत, शिवाय त्या मुळात युद्धासाठी लाखोंनी ओतलेल्या. म्हातारबा एवढ्यावर खूश. मी मनात पैसे आणि तास मांडले आणि गप्प बसलो.

पुढच्या शनिवारी पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतोय. त्यासाठी यांतली किती नेणार, विचारलं. एकही नाही, म्हणाले. कागदावर चुकलं तर कागदाला दुखत नाही. परतताना दुकानात थांबून त्यांनी नवी, सीलबंद वीसची पेटी घेतली, दामदुपटीने, आणि गाडीत बसल्या बसल्या तिच्यातलं प्रत्येक काडतूस काढून कानाशी हलवून पाहिलं.