उलटतपासाला उभं राहणारं प्रेम

'सीआयडी'च्या लॅबमधला एक प्रसंग त्या मालिकेच्या कुठल्याही नियमित प्रेक्षकाला न बघता सांगता येईल. टेबलावर प्रेत आहे, शेजारी डॉ. साळुंखे, त्यांच्या बाजूला डॉ. तारिका. अभिजीत प्रश्न विचारतो मृत्यूच्या वेळेबद्दल आणि बघतो तारिकाकडे. साळुंखे त्याच्यावर खेकसतात, दया गालात हसतो आणि एसीपी प्रद्युम्न विषय पुन्हा खुनावर आणतात. आदित्य श्रीवास्तव आणि श्रद्धा मुसळे यांनी हे प्रसंग इतक्या सहजतेने केले, की 21 जानेवारी 1998 ते 27 ऑक्टोबर 2018 एवढ्या दीर्घ पहिल्या पर्वात खुनी कोण होता हे विसरलेल्या माणसांनाही ही जोडी लक्षात राहिली. पटकथा लिहिणाऱ्याने या यशाकडे आदरानेच बघायला हवं. पण मला या जोडीत आणखी एक गोष्ट दिसते आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. तपास करणारा अधिकारी आणि त्याच्याच गुन्ह्यातल्या नमुन्यांवर मत देणारी तज्ज्ञ यांचं हे प्रेम आहे. पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंतच्या साखळीत ज्या दोन माणसांनी एकमेकांपासून स्वतंत्र असणं सगळ्यात गरजेचं, नेमकी तीच दोघं. सगळ्यात जोखमीच्या या नात्याला मालिकेने सगळ्यात हलकी जागा दिली.

त्याचं कारण लेखकांचा आळस नाही, मालिकेची घडण आहे. 'सीआयडी'ची गोष्ट कबुलीपाशी संपते. दरवाजा तुटतो, गुन्हेगार सापडतो, तो सगळं सांगून टाकतो आणि एसीपी फाशीचं भाकीत करतात. आरोपीच्या वकिलाला तिथे जागाच नाही. उलटतपास नसला की पुराव्यावर कुणी शंका घेत नाही, आणि शंका घेणारं कुणी नसेल तर तपास करणाऱ्यांच्या प्रेमाची किंमतही कुणाला मोजावी लागत नाही. दया आणि श्रेया यांच्या धाग्यात याहून वेगळी शक्यता होती. दयाचं गप्प राहणं, एकाच पथकातली दोघं, दोघांतलं हुद्द्याचं अंतर. प्रत्येक कामगिरीत आपलं माणूस पुढे पाठवायचं की मागे ठेवायचं, असा प्रश्न तिथे सहज उभा राहिला असता. पण तो धागाही प्रामुख्याने नजरांवर आणि अर्धवट वाक्यांवर चालला. माझं म्हणणं एवढंच आहे, की गुन्ह्याच्या मालिकेतलं सहकाऱ्यांचं प्रेम तपासातून घेतलेली सुट्टी असेल तर ते सजावटीचं राहतं. ते तपासातला हितसंबंध झालं, म्हणजे एखाद्या सहीवर, एखाद्या जबाबावर, एखाद्या सीलबंद पुडक्यावर त्याची सावली पडली, की मगच ते गोष्टीचं होतं.

प्रत्यक्षात तपासी अंमलदार आणि प्रयोगशाळेतला तज्ज्ञ यांची गाठ क्वचितच पडत आली आहे. मुद्देमाल सील होतो, पत्र तयार होतं, एखादा अंमलदार पुडकी घेऊन न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो आणि पोलिसांच्या बोलण्यात ज्याला 'सीए रिपोर्ट' म्हणतात तो पुष्कळ दिवसांनी येतो. दोन टोकांची माणसं एकमेकांना क्रमांकाने ओळखतात. हे अंतर कामाच्या सोयीचं नसलं तरी न्यायाच्या सोयीचं आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने या चित्रात बदल केला. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं, अशी तरतूद कलम 176 मध्ये आली आणि ती टप्प्याटप्प्याने अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत मिळाली. म्हणजे रक्ताचा डाग कुठून उचलायचा यावर रात्री दोन वाजता एका खोलीत उभं राहून वाद घालणारी दोन माणसं आता खरोखरच असणार आहेत. अभिजीत-तारिकाची लॅब त्या काळी कल्पनेतली होती. आजच्या लेखकाला ती भेट कायद्यानेच दिली आहे, आणि भेटीबरोबर जबाबदारीही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो आणि तो मी गंभीरपणे घेतो. दिवसभर राबून आलेला प्रेक्षक खून, प्रेत, पंचनामा बघतो तेव्हा त्याला मध्ये श्वास घ्यायला जागा हवी असते. प्रेमाचा ट्रॅक ती जागा देतो, आणि तिथेही कलमं आणली तर माणूस चॅनेल बदलेल. विसाव्याची गरज मला मान्य आहे. पण धोका असलेलं प्रेम प्रेक्षकाला नको असतं, हे मान्य नाही. 'झी मराठी'वर 2020 मध्ये सुरू झालेली 'देवमाणूस' आठवावी. वाईत 2016 साली उघडकीला आलेल्या खुनांवर ती बेतलेली मानली गेली. तिच्यात एसीपी दिव्या सिंह तपास करता करता त्या बोगस डॉक्टरच्याच प्रेमात पडते. ते सहकाऱ्यांचं प्रेम नव्हतं. पण प्रेक्षक खिळून राहिला, कारण तिच्या प्रत्येक हळव्या क्षणाची किंमत तपास मोजत होता. आपल्याला जे माहीत आहे ते तिला माहीत नाही, हा ताण त्या प्रेमातूनच येत होता. मला तिथे खटकतं ते वेगळंच. अधिकारी स्त्री असली की तिची बुद्धी प्रेमाने झाकोळते, ही वाट आपल्या मालिकांना फार सहज सापडते. पुरुष अधिकाऱ्याची नजर प्रेमाने अशी आंधळी होताना आपण किती वेळा पाहिली? हितसंबंध लिहायचा तर तो दोन्ही बाजूंनी लिहावा लागेल.

सोलापुरात राहून लिहिणाऱ्याला यासाठी मुंबईकडे बघायची गरज नाही. 1992 पासून इथे पोलीस आयुक्तालय आहे. फौजदार चावडी, जेल रोड, जोडभावी पेठ, सदर बझार, सलगर वस्ती, विजापूर नाका, एमआयडीसी अशी हाताच्या बोटांवर मोजता येणारी ठाणी आहेत. आणि शहर चार भाषांत बोलतं. पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या आणि विड्यांच्या घरांत तेलुगू आहे, अक्कलकोटच्या वाटेवर कन्नड आहे, पेठांत उर्दू आहे, आणि कागद मात्र मराठीत होतो. समजा, पूर्व भागात खून झाला आहे. विड्या वळणाऱ्या एका बाईने आरोपीला गल्लीतून जाताना पाहिलं आहे आणि ती तेलुगूतच मोकळी बोलते. तपास करणाऱ्या पीएसआयला तेलुगू येत नाही. ठाण्यातल्या एका महिला अंमलदाराच्या घरची भाषा तेलुगू आहे. ती बाईचं बोलणं ऐकते, मराठीत सांगते आणि पीएसआय लिहून घेतो. या दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे. अजून कुणी कुणाला काही म्हटलेलं नाही. बाईने वेळ सांगितली ती घड्याळाची नाही; शेजारचे माग कधी थांबले, यावरून तिने अंदाज केला. ती वेळ साडेअकरा म्हणायची की साडेबारा? पीएसआयच्या बांधणीत साडेबारा बसतं, हे अंमलदाराला ठाऊक आहे. तिने काही खोटं केलेलं नाही. संदिग्ध वाक्य तिने त्याच्या बाजूने वाकवलं, तेही स्वतःला न कळत.

मी या प्रसंगाला प्रेमाचा प्रसंग म्हणतो. दोघांत एक शब्दही हळवा नाही, पण बाई बोलत असताना त्याने मान वर करून अंमलदाराकडे बघणं आणि तिने क्षणभर थांबून आकडा सांगणं, यात जे घडतं ते कुठल्याही बागेतल्या गाण्याने घडणार नाही. तांत्रिक बाजूही लेखकाला साथ देते. तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही. कायद्याने तो जबाब मुख्यतः साक्षीदाराच्या कोर्टातल्या बोलण्यातली विसंगती दाखवायलाच वापरता येतो. म्हणजे हा कागद उघडणार तो बचाव पक्षाच्या वकिलाच्या हातात. बाई कोर्टात दुभाष्यामार्फत आपल्या शब्दांत सांगेल, कागदावर दुसरी वेळ असेल, आणि मग पीएसआयला प्रश्न येईल: हे तुम्हाला मराठीत कुणी सांगितलं? त्यांचे आणि तुमचे संबंध काय? तोपर्यंत प्रेक्षकाने ज्या प्रेमावर जीव लावला, ते प्रेम आता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आहे.

दुसरा आक्षेप चॅनेलकडून येतो: जोडी जुळली की मालिका संपते, म्हणून जुळवूच नका, लोंबकळत ठेवा. याचा दाखला म्हणून अमेरिकेतली 'मूनलायटिंग' पुढे केली जाते. 1985 ते 1989 या काळातली ती खासगी गुप्तहेरांची मालिका नायक-नायिका एकत्र आल्यावर घसरली, असं सांगितलं जातं. पण त्या घसरणीमागे नायिकेचं बाळंतपण, नायकाचा चित्रपटांकडे वळलेला काळ आणि 1988 चा लेखकांचा संप अशी बरीच कारणं होती. उलट दाखला 'बोन्स'चा आहे. तिथे तपास अधिकारी आणि हाडांची तज्ज्ञ अशीच जोडी होती. 2005 मध्ये सुरू झालेल्या त्या मालिकेत ही दोघं 2011 मध्ये एकत्र आली आणि मालिका 2017 पर्यंत चालली. लोंबकळत ठेवलेल्या प्रेमाला एकच प्रश्न असतो, होणार की नाही, आणि तो शिळा होतो. प्रेम कामाच्या आत असलं तर प्रत्येक गुन्हा त्याला नवा प्रश्न विचारतो. बंदोबस्ताचंच घ्या. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, आषाढीला पंढरपूर. या दिवसांत पोलिसांच्या घरात नवरा-बायको एकमेकांना फोनवरच भेटतात. दोघंही पोलीस असतील तर लग्नानंतरची गोष्ट लग्नाआधीच्या गोष्टीपेक्षा गरीब कशी असेल?

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो, कारण तो नैतिक आहे. सहकाऱ्यांच्या प्रेमाला आपण हितसंबंध म्हणू लागलो तर प्रेम करणाऱ्यांना आरोपीच्या रांगेत उभं करत नाही का? आणि त्याची झळ कुणाला लागेल? महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत महिलांना 30 टक्के समांतर आरक्षण आहे. लैंगिक अत्याचाराची तक्रार महिला अधिकाऱ्याने नोंदवावी, असं कायदा सांगतो. म्हणजे तपासातली स्त्री कामाची गरज आहे, आणि तिच्या चारित्र्याची कुजबुज हा तिला मागे ओढायचा जुना मार्ग आहे. अशी कुजबुज मालिकेने वाढवावी, असं मी कधीच म्हणणार नाही. पण हा धोका हितसंबंध लपवल्याने टळत नाही. तो नेमका मांडल्याने टळतो. प्रेमात दोष नाही, दोष आहे तो संबंध न सांगता एकाच कागदावर दोघांनी काम करण्यात. हुद्द्याचं अंतर असेल तर आणखी एक गोष्ट येते. वरिष्ठाच्या लोभाला कनिष्ठाने दिलेला होकार किती मोकळा आहे? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीच्या 1997 च्या विशाखा निकालानंतर आणि 2013 च्या कायद्यानंतर हा प्रश्न टाळून ऑफिसातलं प्रेम गोड रंगात लिहिणं मला प्रामाणिक वाटत नाही. 'साहेब' म्हणणारी मुलगी आणि 'साहेब' ऐकणारा नायक यांच्यातली संमती संवादातच दाखवावी लागते. नकार द्यायची तिची खरीखुरी सोय दिसली पाहिजे, आणि नकारानंतर तिची ड्युटी बदलली नाही हेही दिसलं पाहिजे.

ठाण्यात हे प्रेम कळल्यावर काय होतं, तेही लिहायला हवं. कुणाची तरी बदली. आयुक्तालय लहान असलं की एका ठाण्यातून दुसऱ्यात जाणं म्हणजे दोन चौक ओलांडणं. अंतर पडत नाही, फक्त शिक्षा झाल्यासारखं दिसतं. आणि बदलीचा कागद बहुतेक कनिष्ठाच्या, म्हणजे पुष्कळदा स्त्रीच्या हातात पडतो. पुढे लग्न झाल्यावर तीच दोघं पती-पत्नी एकत्रीकरणाचा अर्ज घेऊन त्याच व्यवस्थेपुढे उभी राहतात. आधी जवळीक म्हणून वेगळं केलं, आता जवळीक म्हणून एकत्र आणा. या एका विसंगतीतच कितीतरी भाग दडलेले आहेत.

म्हणून मालिकेचा आराखडा आखताना मी प्रेमाची कबुली साक्षीच्या नंतर ठेवीन, आधी नाही. 'तुमचे संबंध काय?' या प्रश्नाला ती अंमलदार पिंजऱ्यात पहिल्यांदा खरं बोलेल, आणि त्यालाही ते तिथेच पहिल्यांदा कळेल, सरकारी वकिलामागच्या बाकावर बसलेला असताना. त्यानंतर न्यायालय तो पुरावा फेकून देणार नाही. हितसंबंधी साक्षीदाराचं म्हणणं केवळ त्या कारणाने नाकारायचं नाही, पण सावधपणे तोलायचं, ही आपल्या न्यायालयांची रुळलेली भूमिका आहे. न्यायाधीश दुसरा आधार शोधतील, आणि तो कागदावर नसेल. मग सरकारी वकील पीएसआयला बाहेर बोलावून एवढंच विचारतील, की त्या रात्री त्या गल्लीतला माग कुणी बंद केला होता आणि त्या कामगाराचा जबाब तुम्ही का घेतला नाही. तो कामगार शोधायला पीएसआयला पूर्व भागात परत जावं लागेल, आणि या वेळी तेलुगू जाणणारा दुसरा अंमलदार बरोबर घ्यावा लागेल.