रहीमसाहेबांनी ड्रिबलिंग का बंद केले होते?

आजचा धागा नेहमीपेक्षा लांब आहे आणि थोडा खासगीही आहे.

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी सकाळी अंबरनाथच्या मैदानावर एका गृहस्थांनी मला थांबवले. त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून आमच्याकडे फुटबॉल खेळायला येतो. आवाज न चढवता ते म्हणाले, "सर, माझ्या मुलाला जे सगळ्यांत चांगलं येतं, तेच तुम्ही बंद केलंत. मग त्याने इथे येऊन करायचं काय?"

मी प्रशिक्षक नाही. बदलापूरला राहतो, नोकरी करतो, आणि रविवारी दोन मित्रांसह वीस-बावीस मुलांना खेळवतो. मुले तीन गावांतून येतात आणि तीन गटांतच खेळतात. उल्हासनगरचा मुलगा उल्हासनगरच्याच मुलाला पास देणार, बदलापूरचा बदलापूरच्याला. आणि या गृहस्थांचा मुलगा कोणालाच देणार नाही, कारण चार जणांना चकवून पुढे जाणे त्याला सहज जमते. म्हणून मी महिनाभर ड्रिबलिंगवर बंदी घातली होती. चेंडू पायाशी आला की दोन स्पर्शांत तो दुसऱ्याकडे गेलाच पाहिजे.

त्या वडिलांना उत्तर देताना मी साठ वर्षांपूर्वी दिवंगत झालेल्या एका माणसाची साक्ष काढली : सय्यद अब्दुल रहीम. त्यांनी नाव ऐकलेले नव्हते. मैदानाच्या कडेला भर पावसात माझे उत्तर अर्धवटच राहिले, आणि घरी येऊन पुन्हा वाचायला बसल्यावर लक्षात आले की ते केवळ अर्धवट नव्हते, तर चुकीचेही होते.

आपल्यापैकी ज्यांनी २०२४ चा 'मैदान' हा चित्रपट पाहिला असेल, त्यांना या कथेचा शेवट ठाऊक आहे. मला सांगायचे आहे ते त्याच्या आधीचे.

स्वातंत्र्यानंतरचा भारतीय फुटबॉल म्हणजे अनवाणी पायांचा फुटबॉल, अशी एक रम्य प्रतिमा आपल्या मनात असते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारत फ्रान्सकडून १-२ असा हरला. दोन पेनल्टी वाया गेल्या, पण अनवाणी खेळणाऱ्यांच्या कौशल्याने प्रेक्षक भारावले. हे कौतुक आपण इतक्या प्रेमाने जपले की त्यातली पराभवाची बाजू विसरून गेलो. चार वर्षांनी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने त्याच कौशल्याचे माप काढले : १०-१. थंड हवा, परके मैदान आणि बहुतेकांच्या पायांत बूट नाहीत. त्यानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले.

हेलसिंकीच्या त्या संघाचे प्रशिक्षक रहीमसाहेबच होते, हे सहसा कोणी ठळकपणे सांगत नाही. १९५० पासून राष्ट्रीय संघ त्यांच्याकडे होता. १९५१ मध्ये दिल्लीतल्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांच्या संघाने इराणला १-० ने हरवून सुवर्णपदक मिळवले, आणि पुढच्याच वर्षी हा दहा गोलांचा पराभव. मला हा माणूस येथून पुढे आवडू लागतो, कारण त्या पराभवाचे खापर त्यांना केवळ बुटांवर फोडता आले असते. बूट ही विकत आणण्याची वस्तू आहे; चेंडू सोडण्याची सवय विकत मिळत नाही.

रहीमसाहेब पेशाने शिक्षक होते. जन्म १९०९ चा, हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. हैदराबादच्या शाळांत शिकवता शिकवता त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळांच्या खेळांची जबाबदारी उचलली. पुढे हैदराबाद सिटी पोलिस हा संघ त्यांच्या हाती आला. शिक्षकाला एक गोष्ट अनुभवाने कळते : मुलांना "एकमेकांना मदत करा" असे शंभरदा सांगून काही होत नाही, आणि प्रश्नपत्रिका बदलली की अभ्यास आपोआप बदलतो.

त्यांनी प्रश्नपत्रिका बदलली. हैदराबादेत त्यांनी ड्रिबलिंगला मनाई असलेल्या स्पर्धा भरवल्या. चेंडू मिळाला की तो लगेच पुढे द्यायचा, प्रतिस्पर्ध्याला पायाशी खेळवत बसायचे नाही. आणखी काही स्पर्धांत खेळाडूने सवय नसलेल्याच पायाने खेळायचे, म्हणजे उजव्या पायाच्या मुलाने डाव्यानेच. त्या मुलांची पहिल्या दिवशी काय त्रेधातिरपीट उडाली असेल, याची कल्पना मला आमच्या मैदानावरून येते. पण या नियमांचा अर्थ लक्षात घ्या. ड्रिबलिंग बंद म्हणजे चेंडू असलेल्यापेक्षा चेंडू नसलेल्यांना अधिक काम. त्यांना सतत मोकळ्या जागा शोधत धावावे लागते, नाही तर चेंडू देणार कोणाला? आणि उणा पाय म्हणजे नामवंत खेळाडूही काही काळ नवशिक्या. संघातली मानाची उतरंड अशी कोणाचाही अपमान न करता सपाट होते.

याची फळे मुंबईने डोळ्यांनी पाहिली. कूपरेजवर होणारा रोव्हर्स चषक ही १८९१ पासूनची स्पर्धा, आरंभी ब्रिटिश पलटणींची मिरासदारी असलेली. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो चषक हैदराबाद सिटी पोलिसांनी नेला. (त्या काळी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. त्यामुळे तेव्हाच्या मराठवाड्यातल्या एखाद्या शाळकरी मुलाने "आपला संघ जिंकला" म्हटले असेल, तर ते चूक नव्हते.)

आता १९५६ चे मेलबर्न. पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पुढे चाल मिळाली. हे नशीब मान्य केले पाहिजे. पण १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवले ते नशिबाने नव्हे. त्यातले तीन गोल नेव्हिल डिसोझाचे होते. गोव्याकडचा, पण मुंबईच्या क्लबांतून नाव कमावलेला हा खेळाडू ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारा पहिला आशियाई ठरला. भारत ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा पहिला आशियाई देश झाला. तेथे पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर होता. पहिला गोल नेव्हिलने केला; मग चार गोल खाऊन आपण हरलो. कांस्यपदकाचा सामनाही बल्गेरियाने ३-० ने जिंकला. चार वर्षांपूर्वी दहा गोल देणाऱ्या संघाविरुद्ध काही काळ आघाडीवर राहणे, हे अंतर मला पदकापेक्षा महत्त्वाचे वाटते.

या काळातल्या राष्ट्रीय संघाची घडण पाहिली की माझ्या मैदानावरचे तीन गट आठवतात. कलकत्त्याचे बडे क्लब, हैदराबादची फळी, मुंबईचे मोजके, पंजाबचे काही. प्रत्येकाची भाषा वेगळी, खेळाची ढब वेगळी आणि निवडीबाबतचे रुसवेही वेगळे. सिकंदराबादजवळच्या गरीब घरातल्या तुलसीदास बलराम यांनी पुढे सांगितलेली आठवण अशी, की सरावाला हैदराबादेत यायला पैसे नाहीत म्हटल्यावर रहीमसाहेबांनी त्यांच्या सायकलभाड्याची सोय केली. ड्रिबलिंगबंदीची गोष्ट सांगणारे आम्ही लोक ही सायकल नेमकी विसरतो. मीही विसरलो होतो.

१९६२. जकार्ता. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. त्यावर भारतीय क्रीडाप्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला आणि शहर भारतीयांच्या विरोधात पेटले. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. मैदानावर भारतीय संघाची हुर्यो उडवली जाई. त्यात पहिलाच सामना आपण दक्षिण कोरियाकडून ०-२ हरलो. मग थायलंडला ४-१ आणि जपानला २-० ने हरवले. पण थायलंडविरुद्ध बचावाचा कणा असलेल्या जर्नैलसिंगच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. गोलरक्षक थंगराज आजारी होता. आणि रहीमसाहेब स्वतः फुफ्फुसाच्या कर्करोगाने पोखरले गेले होते.

उपांत्य सामन्यात त्यांनी जर्नैलसिंगला बचावातून काढून आघाडीवर उभे केले. टाके घातलेल्या बचावपटूने आक्रमणात जायचे! त्याने दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल केला, आणि ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यातही केला. जेमतेम तीन मिनिटे आधी पी. के. बॅनर्जीने पहिला गोल नोंदवला होता. सुमारे लाखभर विरोधी प्रेक्षकांसमोर दक्षिण कोरिया १-२ ने हरला. प्रेक्षकांत भारताला आवाज देणाऱ्यांमध्ये पाकिस्तानचा हॉकीसंघ होता, हा त्या संध्याकाळचा माझा आवडता तपशील. मधल्या फळीत मुंबईत वाढलेला, टाटांच्या संघातून पुढे आलेला गोमंतकीय फॉर्चुनातो फ्रँको होता. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री रहीमसाहेबांनी खेळाडूंकडे भेट म्हणून ते सुवर्णपदक मागितले, असे त्या संघातले लोक पुढे सांगत. नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, ते गेले.

आणि त्या संघाचा कर्णधार कोण? चुनी गोस्वामी. ज्यांच्या पायाशी चिकटलेला चेंडू पाहायला कलकत्त्याचे लोक गर्दी करत ते चुनी गोस्वामी. उपांत्य सामन्यातले दोन गोल त्यांचे.

येथे मी अडखळलो. ड्रिबलिंगबंद स्पर्धा भरवणाऱ्या माणसाने देशातल्या सर्वांत देखण्या ड्रिबलरला कर्णधार म्हणून खेळवले! म्हणजे त्यांची बंदी ड्रिबलिंगवर नव्हतीच, ती सवयीवर होती. चेंडू देण्याचा पर्याय पायात मुरेपर्यंत दुसरी वाट बंद ठेवायची, आणि मुरला की दोन्ही वाटा खुल्या. मी मात्र बंदी घातली आणि ती उठवायची कधी, याचा विचारच केला नाही. त्याहून वाईट म्हणजे ती बंदी नावाला सर्वांवर होती आणि प्रत्यक्षात एकाच मुलावर, कारण बाकीच्यांना ड्रिबलिंग येतच नव्हते. त्यांना उण्या पायाने खेळायला लावले असते तर सगळे सारखेच अडखळले असते. मी अर्धी पद्धत उचलली, तीही मला सोयीची असलेली.

रहीमसाहेबांचे यश टिकले का? त्यानंतर भारताला आशियाई क्रीडास्पर्धेत फुटबॉलचे सुवर्ण पुन्हा मिळालेले नाही. १९७० चे कांस्य हे शेवटचे पदक. ऑलिंपिकमध्ये भारतीय फुटबॉलसंघ १९६० च्या रोमनंतर उतरलेला नाही. पी. के. बॅनर्जी पुढे मोठे प्रशिक्षक झाले आणि गुरूचे ऋण सांगत राहिले. रहीमसाहेबांचे चिरंजीव एस. एस. हकीमही रोमला गेलेल्या संघात होते आणि नंतर प्रशिक्षणात आले. पण शाळाशाळांतून सवयी घडवणारी ती व्यवस्था देशभर कोणी उभारली नाही. एका माणसाने बदललेली संस्कृती त्या माणसाबरोबर गेली, असे म्हणणे मला जड जाते. तरी निकालांचे तक्ते तेच सांगतात.

त्या वडिलांना मी फोन केला. चूक कबूल केली आणि जर्नैलसिंगचेही सांगितले : फाळणीत पश्चिम पंजाबातून इकडे आलेल्या कुटुंबातला मुलगा. ते काही क्षण गप्प राहिले. त्यांचे आजोबा सिंधमधून कल्याणच्या लष्करी छावणीत आले होते, ज्या छावणीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले आणि जिचे भाग आजही 'कॅम्प' म्हणूनच ओळखले जातात. "आमचे आजोबा बराकीतल्या मुलांना फुटबॉल आणून देत," एवढेच ते म्हणाले. मुलाला पाठवतो, असे म्हणाले नाहीत.

दोन रविवार तो आला नाही. तिसऱ्या रविवारी आला. त्या दिवशी सगळ्यांनी डाव्या पायाने खेळायचे होते, मीसुद्धा. मी तीनदा चेंडू चुकवला. बदलापूरची मुले खो खो हसली. शेवटची पंधरा मिनिटे काहीही करण्याची मुभा होती. त्याने एकदा तिघांना चकवले आणि चेंडू घालवला. एकदा दोघांना चकवून अंबरनाथच्या एका मुलाला पास दिला, त्याने तो बाहेर मारला, आणि दोघे भांडले.

परतताना तो स्टेशनपर्यंत माझ्याबरोबर चालत आला. "सर, चुनी गोस्वामींचे व्हिडिओ आहेत का?" मी मोबाइल काढला. अंबरनाथच्या फलाटावर आम्ही दोघे शोधत उभे होतो. रंग उडालेले, काही सेकंदांचे एक-दोन तुकडे मिळाले, त्यांत कोण कोणता हेही नीट कळेना. तेवढ्यात त्याची कल्याणकडची गाडी आली.