लावणी आणि कापणीच्या मधे

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या शाळेत दशावतारी काका पहिल्यांदा आले ते स्नेहसंमेलनासाठी. दोन दिवसांत त्यांनी मुलांना रंगवलं, मुकुट चढवले, राजाने उभं कसं राहायचं ते दाखवलं. फोटो छान आले. शाल-श्रीफळ घेऊन काका गेले आणि मुलांकडे त्यातलं काहीच उरलं नाही. मी मराठी शिकवते. संवाद मीच लिहून दिले होते, मुलांनी ते पाठ म्हटले. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, कथा ठरते आणि नट उभ्याउभ्या बोलतात. हे ठाऊक असून मी तसं केलं, याची रुखरुख अजून आहे.

पुढच्या वर्षी त्यांना बोलावलं तेव्हा वेळापत्रक त्यांच्या कामाप्रमाणे आखलं. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की हा माणूस रात्र-रात्र रंगमंचावर, आणि पावसात शेतावर. शाळेच्या वाट्याला तो येतो लावणी आटोपल्यावर, कापणी सुरू होईपर्यंत. तेवढ्या काळात नववीला आठवड्याचे दोन तास ठरले.

पहिल्याच तासाला काकांनी एक बाकडं पुढे ओढलं. हेच सिंहासन, हाच रथ. अभिमन्यू युद्धाला निघालाय, सुभद्रा अडवतेय, एवढं सांगून म्हणाले, "आता बोला." मालवणी तोंडात येईल म्हणून माझ्या तासाला गप्प बसणाऱ्या मुलाला त्यांनी अभिमन्यू केलं. दशावतारातला संकासुर मालवणीतच बोलतो, मग तू कशाला घाबरतोस, असंही त्याला सांगितलं. तो घाईघाईने बोलून मोकळा झाला. समोरची मुलगी काय म्हणाली ते त्याने ऐकलंच नव्हतं.

"आधी तिचा आयक, मगे बोल," काका म्हणाले.

तीन आठवडे गेले. पुन्हा तोच प्रवेश. सुभद्रा म्हणाली, "जा, पण जेवून जा." हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. अभिमन्यू निघालेला, तो थबकला. बाकड्यावर येऊन बसला. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "वाढ."

वर्गात कुणी हललं नाही. अठरा वर्षं मी संवादलेखन शिकवतेय, पण ऐकण्यातून वाक्य जन्मताना त्या दिवशी प्रथम पाहिलं.

शाळा आणि रंगभूमी एकत्र नांदल्याचं उदाहरण आहेच. दादरच्या छबिलदास शाळेत अभिनेत्री सुलभा देशपांडे शिक्षिका होत्या, आणि 1974पासून त्याच शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेची प्रायोगिक नाटकं उभी राहिली. शाळेची जागा रंगभूमीला किती वर्षं पुरली! तिथे शाळा आणि कलावंत एकमेकांच्या घरात राहिले. आम्ही मात्र कलावंताला पाहुणा म्हणून बोलावतो आणि संध्याकाळी निरोप देतो.

2020च्या शैक्षणिक धोरणात स्थानिक कलाकारांना शाळेत शिकवायला घ्यावं असं म्हटलंय. चांगलंच आहे. पण काकांच्या मानधनाला आमच्याकडे कुठलंच खातं नव्हतं; पालकांनी वर्गणी काढली. विजेचं बिल शाळा वर्गणीतून भरत नाही. मग कलावंताचा मोबदलाच का वर्गणीवर सोडायचा? त्याला दोन तासांसाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते, हे शाळेने आधी मोजायला हवं.

माघात गावची जत्रा होती. वर्गात अभिमन्यू झालेला तो मुलगा पखवाजवाल्याच्या मागे चटईवर बसला होता. राजा तावातावाने बोलत होता, अख्खी जत्रा त्याच्याकडे बघत होती. याची नजर बाकड्याच्या कडेला गप्प उभ्या असलेल्या स्त्रीपार्टीवर खिळली होती.