कारवीचा हिशोब

गेल्या आठवड्यात गुडघ्याचा एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, "सर, आता डोंगर पुरे." मी मान डोलावली खरी, पण मनात हिशोब सुरू झाला तो कारवीचा.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना कारवी सांगायला नको. निसरड्या उतारावर हाताशी येते ती तीच. कुडाच्या भिंतींनाही तिच्याच काठ्या. एका डोंगरावरची बहुतेक झुडपं सात-आठ वर्षांनी एकदम फुलतात, बी धरतात आणि मरतात. वाळलेली बोंडं पुढच्या पावसात तडतड फुटतात. तो आवाज मी एकदाच ऐकलाय, भीमाशंकरच्या वाटेवर.

पहिला बहर मी ३६ फोटोंच्या रोलवर टिपला. त्यातले ११ बरे आले (हिच्या मते सगळे सारखेच!). गेल्या वेळी डिजिटलवर ४०० काढले, पण त्या अकरांची सर नाही.

पुढच्या बहराला मी ऐंशीच्या पलीकडे असेन. चढताना काही नाही, उतरताना गुडघा बोलतो. म्हणून रोज पर्वतीच्या १०३ पायऱ्या, काठी घेऊन, सावकाश. डॉक्टरांना सांगू नका. नातू म्हणतो, "आजोबा, मी धरीन तुम्हाला." जुना कॅमेरा पुसून ठेवलाय. पुण्यात रोल कुठे मिळतो, कुणाला ठाऊक असेल तर कळवा.