ताठ

गुळाच्या डब्याला कुलूप घालणारा माणूस आमच्या गावात माझ्याआधी कुणी झाला नसेल. ते कुलूप मी माझ्या थोरल्या बहिणीसाठी घातलं होतं. साल 2013. दाजी वारल्यापासून अक्का आमच्याकडंच राहत होती. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आमची जिराईत ज्वारी. अक्का खुरपायला बसली की दोन बायकांची पात एकटी उरकायची. त्याच्या दोन वर्षं आधी, चव्वेचाळिसाव्या वर्षी, तिला साखर निघाली. अंगानं ती आधीच काटकुळी, त्यात आणखी वाळली. तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वर्षभर बरं चाललं आणि मग गोळ्या वाढवल्या तरी साखर साडेतीनशेच्या खाली येईना.

साखर म्हटली की गावाला एकच कारण माहीत. भावकीतली एक म्हातारी माझ्या कानाला लागली, "रातचं उटून काकवी चाटत असंल. तुला काय कळतंय मास्तर, तू शाळंत." मी शाळेत मुलांना आहार शिकवणारा माणूस. मला ते पटलं. मी बाजारातून कुलूप आणलं. अक्का काही बोलली नाही. पुढं एकदा बायको म्हणाली, "तुम्ही कुलूप लावलं त्या दिवसापासनं वन्संनी चहासुदीक बिनसाखरेचा घेतलाय. साखर गेली का खाली?" गेली नव्हती. पण मी कुलूप काढलं नाही.

शेवटी इन्सुलिनवर आणलं. आमच्याकडं तेव्हा फ्रिज नव्हता. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायची आणि माठाखालच्या ओल्या वाळूत पुरायची. अक्काचं शिक्षण चौथी, पण लाल टोपणाच्या सिरिंजवरची घरं ती ज्वारीची मापं मोजावीत तशी चोख मोजायची. साखर उतरली. घरात जरा थाऱ्यावर येतंय तोवर दुसरंच सुरू झालं.

ती वाकेना. आधी कंबर धरली म्हणाली, मग पाठ. "पाटीचा पाट झालाय रं," म्हणायची. चालायची ती पुतळ्यासारखी, पाय ओढत. अंगणातून रस्ता ओलांडायचा म्हटलं की उंबऱ्यावरच थबकायची, घामाघूम व्हायची. मागून कुणी हाक मारली, भांडं पडलं, मोटरसायकलचा हॉर्न वाजला की सगळं अंग एका झटक्यात लाकूड. घरात एकटीच असली की मात्र पुष्कळ बरी असायची. हेच तिच्या मुळावर आलं. माणसं म्हणायची, "कुणी बघितलं की हिचं सुरू हुतंय." कुणी म्हणालं, बाहेरचं आहे. एक जण तर म्हणाला, "भाऊ मास्तर हाय म्हणून ताठलीया, खुरपायला नको आता." बायकोनं देवऋषी झाला, मी सोलापूरचे डॉक्टर केले. हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा दिला. एमआरआय काढला, तो निर्मळ निघाला. रिपोर्ट निर्मळ निघाला की आपल्याकडं माणसावरचा संशय वाढतो.

मग मानसोपचाराचे डॉक्टर. त्यांनी भीती कमी व्हायच्या, झोपेच्या गोळ्या दिल्या. आणि काय सांगू, अक्काला खरंच फरक पडला! चार पावलं मोकळी चालायला लागली. मी मनात म्हटलं, बघा, म्हणजे मनाचंच आहे. त्या गोळ्या संपल्यावर मी पुन्हा आणल्या नाहीत. सवय लागते म्हणतात, आणि मनाचं असेल तर मनानंच आवरावं, असं माझं गणित.

2015 च्या मे महिन्यात पुतण्याचं लग्न निघालं. दारात मांडव, हलगी कडाडतेय. अक्का आतल्या खोलीत भिंतीला धरून उभी. करवल्या खोळंबलेल्या, कारण हळदीला थोरली आत्या पाहिजे. मी आत गेलो. "अक्का, आता नाटकं बास कर. चार माणसांत शोभा नको," असं म्हणालो आणि तिचा दंड धरून तिला ओढतच बाहेर आणलं. ती एवढंच म्हणत होती, "थांब रं बाबा, थांब रं." मांडवाच्या कडेला पोरांनी सुतळी बॉम्ब लावला. तो वाजला आणि अक्का पडली. माणूस पडताना हात पुढं करतो. तिनं केले नाहीत. तिचे हात उठलेच नाहीत. तोडलेली बाभळ पडावी तशी सरळ तोंडावर आली. समोरचे दोन दात गेले. हळदीच्या पाटावर रक्त. आणि मी, खोटं कशाला बोलू, पहिला विचार माझ्या मनात आला तो लोकांचा.

त्यानंतर दोन वर्षं ती मांडवातच काय, अंगणातही आली नाही.

2017 मध्ये एका जुन्या विद्यार्थ्यानं पुण्यातल्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. बाई होत्या, वयानं माझ्यापेक्षा लहान. त्यांनी एमआरआय बाजूला ठेवला. एक तळवा अक्काच्या पोटावर, दुसरा पाठीवर असा किती तरी वेळ धरून बसल्या. वाकताना पोट आवळलं तर पाठ सैल पडायला हवी, हिची दोन्ही एकाच वेळी आवळतात, असं त्यांनी मला हात लावून दाखवलं. दगड. मग विचारलं, "झोपेत कशा असतात?" मला काय ठाऊक! बायको म्हणाली, "झोपेत मऊ असत्यात. कुशी बदलत्यात. जाग आली की पुन्हा तसंच." बाईंनी मान हलवली. दुसरा प्रश्न साखरेचा : कधी निघाली, वजन किती होतं, गोळ्या किती दिवसांत हरल्या. मला वाटलं, पाठीचं दुखणं आणि ह्या साखरेचं काय काढून बसल्या? बाईंनी चिठ्ठीवर एकच तपासणी लिहिली. गॅड अँटिबॉडी.

मला वाटलं होतं, मोठं यंत्र असेल. तर दंडाला रबर बांधलं, एक छोटी नळी रक्त घेतलं, झालं. नमुना मुंबईला जाणार, आठ दिवस लागणार. पैसे मात्र पोतंभर ज्वारीहून जास्त गेले. अक्का वाटेत म्हणाली, "एवढ्या रगतात काय घावणार हाय?"

रिपोर्टवर मर्यादा छापली होती, दहाच्या आत. अक्काच्या नावापुढं होतं, 2000 पेक्षा जास्त. म्हणजे नेमके किती तेही नाही, त्या लॅबची मोजपट्टीच तिथं संपत होती.

बाईंनी मग समजावून सांगितलं. मेंदू स्नायूंना आवळायला सांगतो तसं सोडायलाही सांगतो. सोडायला सांगणारं एक रसायन असतं, गाबा. बैलाचा कासरा म्हणा. ते रसायन तयार करणारं एक विकर म्हणजे गॅड. आपलं रक्त परक्या जंतूंशी लढायला प्रतिपिंडं बनवतं. कधी कधी त्याची ओळख चुकते आणि ते घरच्याच वस्तूवर प्रतिपिंडं बनवतं. राखणीचा कुत्रा घरच्या वासराला धरतो, तसं. आणि गंमत अशी, की हे गॅड मेंदूत असतं तसं स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींतही असतं. "म्हणजे साखर आणि पाठ एकच?" मी विचारलं. "एकाच मुळाची दोन झाडं," बाई म्हणाल्या. अक्काचा मधुमेह खाण्याचा नव्हताच. तिच्या इन्सुलिनच्या पेशीच शरीरानं हळूहळू मारल्या होत्या, म्हणून गोळ्या हरल्या. लहान मुलांना होतो त्याच जातीचा, फक्त मोठ्या वयात आलेला आणि सावकाश. अंगानं बारीक, गोळ्यांना दाद न देणारी साखर असेल तर ही तपासणी तेव्हाच करायला हवी होती.

मी घाबरून विचारलं, ही प्रतिपिंडं सापडलेल्या सगळ्यांनाच असं ताठायला होतं का? नाही. मधुमेहात ती पुष्कळांत सापडतात, पण बहुधा थोडी, आणि त्यातल्या जवळजवळ कुणालाच हा ताठरपणा येत नाही. हा आजार दहा लाखांत एक-दोघांना. त्यात आकडा असा प्रचंड असतो. शिवाय बाई म्हणाल्या, नुसत्या आकड्यावर निदान नसतं, माणूस बघावा लागतो. प्रतिपिंड म्हणजे चोर नव्हे, चोराच्या पायाचा ठसा समजा. प्रत्यक्ष नासधूस कोण किती करतं हे अजून पुरतं उलगडलेलं नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या दोन डॉक्टरांनी 1956 मध्ये चौदा रोग्यांची हकिगत लिहून या दुखण्याला नाव दिलं. त्यातला पहिला रोगी आयोवा प्रांतातला शेतकरी होता, 1924 साली आलेला. तो म्हणायचा, मी लाकडी माणसासारखा पडतो. अक्का ते ऐकून पहिल्यांदा हसली. दात पडलेल्या जागी पदर धरून. "म्हंजे आपल्यातलाच म्हणायचा," म्हणाली.

पण मला जे लागलं ते वेगळंच. औषध लिहिताना बाईंनी डायझेपाम लिहिलं. मी म्हटलं, ही तर त्या मनाच्या डॉक्टरांनी दिलेलीच गोळी. "हो," त्या म्हणाल्या, "ती गाबाचं काम वाढवते. म्हणूनच तेव्हा बरं वाटलं. तुम्ही बंद का केलीत?" मी काय उत्तर देणार होतो?

गावाकडं परत येताना एसटीत इंदापूरच्या पुढं मी म्हणालो, "अक्का, माझं चुकलं. कुलपाचं बी आणि मांडवातलं बी." ती खिडकीतून बाहेर उसाकडं बघत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "कुलपाचं काय न्हाय रं. पर तू नाटक म्हनलास." पुढं काही बोलली नाही. मीही नाही.

गोळ्या आणि इन्सुलिन चालू आहे. रक्तातून द्यायचं एक महागडं औषध असतं, ते आम्हाला एकदाच झेपलं. तिच्या मुलीला धास्ती होती, हे मला येणार का? आईकडून लेकीकडं सरळ जात नाही, असं बाईंनी सांगितलं, तरी ती वर्षाला साखर तपासते. डिसेंबर 2022 मध्ये कॅनडाची गायिका सेलिन डिऑन हिनं आपल्याला हाच आजार असल्याचं जाहीर केलं. पुतण्यानं मोबाइलवर तो व्हिडिओ अक्काला दाखवला. गोरीपान बाई डोळे पुसत बोलत होती. अक्कानं दोनदा बघितला आणि विचारलं, "तिलाबी देवऋष्याकडं न्हेलं व्हतं का?"

कुलूप मी विहिरीत टाकलं. रिपोर्ट अक्काच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे, रेशनकार्डाच्या खाली. आमच्या लहानपणी आजोबा सोप्यात शिरताना खाकरायचे, सुनांनी पदर सावरावा म्हणून. ती रीत मोडून चाळीस वर्षं झाली असतील. आता आमच्या घरात पुन्हा सगळे खाकरतात. दूधवाला, पोस्टमन, शाळेतून आलेली नातवंडं, सगळे अंगणाच्या कडेला थांबून लांबूनच आवाज देतात आणि आतून "ये" आलं की मग आत येतात. मीही थांबतो. कधी कधी "ये" यायला वेळ लागतो. मी उभा राहतो.