उलटे आटे

डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती पाना देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उजवे पायडल घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आवळते, डावे त्याच्या उलट; चालवता चालवता ते सुटू नये म्हणून ही योजना. ज्या सायकलीवरून वडील तीस वर्षे खडकीला कामावर गेले, तिच्या डाव्या क्रँकमध्ये एका दुकानात उजवे पायडल पिळून बसवण्याचा पराक्रम झाला. बाहेरच्या तोंडाचे दोनतीन आटे मेले. "भंगारात द्या," असे घरात एकमताने ठरले. एकमतात मी नव्हतो.

भोकात आटे पाडतो तो टॅप. तो आणायला मी पुण्याच्या बोहरी आळीत गेलो. तिथे दुकानदाराने 40 नगांची पेटी उघडली. दागिन्यांच्या डब्यासारखे खण! मन विरघळले, पण त्यात माझ्या कामाचा एकही नग नव्हता. सायकलीचे गोत्रच निराळे. पुढच्या आसाला इंचात 26 आटे, तर पायडलाला 20, आणि जाडी नऊ सोळांश इंच.

"मग हा न्या, साहेब. स्कूटरच्या प्लगाचा, 14 मिलिमीटर. जवळजवळ तेच!"

जवळजवळ! पत्रिका जवळजवळ जुळते म्हणून आमच्या आजोबांनी कधी सोयरीक केली नसती. त्या टॅपच्या दोन आट्यांत अंतर 1.25 मिलिमीटर, पायडलाच्या 1.27. फरक केसाएवढाही नाही, पण दहा आट्यांत तो दहापट होतो. शिवाय तो टॅप सुलटा. उरलेसुरले आटेही त्याने आडवे कापले असते. चार दुकाने पालथी घातल्यावर पायडलाच्या टॅपची डावी-उजवी जोडी मिळाली. किंमत घरी सांगितलेली नाही.

कॉटर पिन ठोकून क्रँक काढला, शेगड्यात धरला. टॅप लावला तो आतल्या बाजूने, जिथे आटे शाबूत होते. शाबूत आटेच त्याला पुढची वाट दाखवतात. दोन थेंब तेल. डावीकडे अर्धा फेरा, मग कीस तुटावा म्हणून पाव फेरा मागे. घाई केली तर टॅप आतच मोडतो, आणि मोडलेला टॅप काढणे म्हणजे दुसरा जन्म घेणे. चार फेऱ्यांनंतर हाताला खरखर लागली. मेलेला भाग आला होता. तेवढे तीन आटे कापायला पंधरा मिनिटे लागली. मग भोक रॉकेलने धुतले आणि पायडल लावले. ते नुसत्या बोटांनी, पान्याला हात न लावता, शेवटपर्यंत आत गेले.