सावली जांभळी असते

आधी एक कबुली देऊन टाकतो. सात वर्षं झाली. सहावीतल्या एका मुलीने 'माझे शेत' या चित्रात कडुनिंबाची सावली जांभळी रंगवली होती. मी लाल पेनाने गोल करून लिहिलं, 'सावली काळी असते', आणि दोन मार्क कापले. ती हळूच म्हणाली, "पण सर, सकाळी तं जांभळीच दिसते ना." मी म्हटलं, "बस खाली."

गेल्या हिवाळ्यात मी तैलरंग शिकायला घेतले. हे काहीतरी परदेशी प्रकरण असेल असं वाटायचं. पण बघा, हे रंग ज्या तेलात खलतात ते बहुधा जवसाचं! आपण चटणी करतो तेच जवस. ते पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं; म्हणून चित्र हाताला सुकं लागायला दिवस जातात. (त्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटू शकतात. आणि टर्पेंटाइन वर्गात नकोच.) कॅनव्हास सुती. हिंगणघाटच्या कापसाचा मुलूख आपला, म्हणजे अर्धं सामान घरचंच की!

वडनेरच्या बाहेर एका वावराच्या धुऱ्यावर बसलो. पऱ्हाटी फुटलेली, तुरीला पिवळा फुलोरा, मागे कडुनिंब. पहिल्या दिवशी पान न् पान काढत बसलो. दोन तासांनी मान वर केली तर सावली भलतीकडेच! चित्रात आभाळ सकाळचं, सावली दुपारची.

क्लोद मोनेनेही यावर डोकं खपवलं होतं. 1890-91 मध्ये त्याने गवताच्या गंजींची सुमारे पंचवीस चित्रं केली. उजेड बदलला की तो कॅनव्हास बदलायचा. 1874 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच्या एका चित्राच्या नावावरून एका टीकाकाराने टिंगल केली, आणि तेच नाव या शैलीला चिकटलं, इम्प्रेशनिझम.

मग मीही रोज सकाळी तासभरच बसू लागलो. डोळे किलकिले करायचे, म्हणजे पानं जातात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे उरतात. आधी तेच पातळ रंगात मांडायचे, जाड रंग वरून. काळी ट्यूब घरीच ठेवली. सावलीसाठी निळा आणि तपकिरी मिसळला, तरी जमेना. नीट पाहिलं. उन्हातली माती पिवळसर, पण सावलीत ऊन पोचत नाही, तिथे उजेड येतो तो निळ्या आभाळाचा. थोडा लाल टाकला. रंग जांभळा झाला. ब्रश हातातच राहिला माझ्या.

तेवढ्यात बंडी घेऊन जाणारे एक काका थांबले. "गुरुजी, कापूस कुठं हाय यात? नुसते ठिपकेच दिसून राहिले." म्हटलं, दहा पावलं मागे जा. बंडीपाशी जाऊन वळले. "हां, आता दिसते. पण तुरीले फूल जास्त दाखवलं तुम्ही."

त्या मुलीचा धाकटा भाऊ यंदा आमच्याकडे पाचवीत आहे. 'माझे शेत' घरी ठेवलंय का, असा निरोप त्याच्याजवळ दिलाय. दोन मार्क द्यायचे आहेत. अजून काही उत्तर आलेलं नाही.